पेन्सिलीचा गोल

"मॅडम, काहीच निघालं नाही," असं प्रॅक्टिकलला एखाद्या पोरानं म्हटलं की माझं डोकंच उठतं. काय शोधलंस? कशात शोधलंस? शेजारी काय लावलं होतंस? हे तीन प्रश्न मी त्याला सगळ्यांसमोर विचारते आणि उत्तर नीट आलं नाही की जर्नल तसंच परत देते. पोरं मला खडूस म्हणतात. पाठीमागं आणखीही काय काय म्हणतात, कानावर येतं. म्हणू देत बापडी. बीडमधल्या एका कॉलेजात मी वीस-बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय. मिश्रणातले पदार्थ वेगळे कसे करायचे आणि ओळखायचे कसे, हा माझा आवडता विषय होता. होता म्हणते, कारण आता तो धडा नकोसा वाटतो.

माझ्या वडलांचं घाटनांदूरला किराणा दुकान. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो आणि आईला माय. दुकान अप्पांचं असलं तरी मालाची पारख मायची. तिच्या जिभेवरून गेल्याशिवाय एकही जिन्नस मापाला लागायचा नाही. शेंगदाण्याचं पोतं उघडलं की अप्पा चार दाणे तिच्या हातावर ठेवायचे. ती चावायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "मागच्या सालचं हाय, परत पाठवा." हळदीची चिमूट, गुळाचा खडा, तेलात बुडवलेलं बोट, सगळ्याला तोच न्याय. एकदा तिनं तेलातली भेसळ नुसत्या बोटावर चाखून सांगितली. व्यापारी आधी लई भडकला, मग कान पकडून त्यानं डबा बदलून दिला.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. चार पुस्तकं वाचून झाली होती आणि आपल्याशिवाय जगात कुणाला अक्कल नाही, असं वाटायचं ते वय. मी चारचौघांत तिला म्हणाले, "जिभेला काय कळतंय गं माय? हे सगळं प्रयोगशाळेत बघायचं असतं." ती रागावली नाही. उलट दुकानात आलेल्या बायांना कौतुकानं सांगत सुटली, "ऐका बायांनो, आमची पोरगी आता शिकून येणार, मग माझ्या जिभेला पेन्शन!" बाया हसल्या आणि मीही हसले.

आता आमच्या उपासाच्या पिठाबद्दल सांगायला हवं. आम्ही महादेवाची माणसं. श्रावणातले सोमवार म्हणजे घरात सणच, आणि उपासाला लागते भगर. कुणी तिला वरी म्हणतं. तिचा भात करतात किंवा दळून भाकरी करतात. दुकानाच्या मागं अप्पांची चक्की होती. एरवी तिच्यावर गहू-ज्वारी दळायची. त्याच दगडावर उपासाचं कसं दळायचं? म्हणून अप्पांच्या वडलांपासूनची रीत अशी, की आषाढ संपता संपता एक दिवस चक्की बंद ठेवायची, दगड उतरवायचे आणि घासूनपुसून पाण्यानं धुवायचे. त्याच दिवशी पुऱ्या श्रावणाची भगर एकदम दळून डबे भरून ठेवायचे. दळायच्या आधी माय भगर तीन पाण्यांनी धुवायची. आषाढात ऊन कुठलं? मग आतल्या खोलीत जुनी लुगडी अंथरून त्यावर ती भगर पसरायची आणि वर दोन दिवस पंखा लावून ठेवायचा. गावात याला 'धुतलेलं पीठ' म्हणत. पार युसूफ वडगावहून गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "दुसरं कुठलं बी नको, तुमचं धुतलेलंच द्या." मायला त्याचा लई अभिमान होता. त्या दोन दिवसांत ती कुणाला त्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावू द्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातला दुसरा सोमवार. दुपारचा फराळ झाला आणि अप्पांच्या गल्लीतल्या सात-आठ घरांतली माणसं एकेक करून आडवी झाली. गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, हातपाय थरथरायला लागले. सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, आणि महादेवाची कृपा म्हणा, दुसऱ्या दिवशी सगळी घरी परत आली. सगळ्यांच्या ताटात एकच गोष्ट होती, आमच्या दुकानचं धुतलेलं पीठ. अप्पा आणि माय तेवढे वाचले, कारण त्या सोमवारी दोघांनी नुसती केळी खाल्ली होती.

मंगळवारी अन्न तपासणारे साहेब आले. त्यांनी पिठाचा नमुना घेतला, अहवाल यायला वेळ लागेल म्हणाले आणि तोवर विकू नका म्हणून बजावून गेले. अप्पांनी उरलेले सहा डबे दोरीनं बांधून कोपऱ्यात लावून दिले. विक्रीचं दुःख त्यांना नव्हतंच. दुःख वेगळंच होतं. गल्लीत कुणीतरी पुडी सोडून दिली होती, की पीठ धुतलं ते पाणी निळ्या ड्रममधलं होतं.

तो ड्रम फार जुना. अप्पांनी कधीकाळी एका कृषी केंद्रातून आणलेला. आमच्याकडं फवारणीच्या विषाला औषध म्हणतात, त्याच औषधाचा तो ड्रम. अप्पांनी आणल्यावर दहा वेळा घासला होता, तरी त्यातलं पाणी झाडांना आणि ओटा धुवायलाच वापरायचं, असा घरचा दंडक होता. आता लोक म्हणायला लागले की नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, मग म्हातारीनं घेतलं असेल त्यातलंच. पंचवीस वर्षं जिच्या हातचं पीठ डोळे झाकून नेलं, तिलाच बाया दारात उभं राहून विचारू लागल्या, "काय वो काकू, कशानं धुतलंत पीठ?"

मायचा मला फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं, तीच आजारी पडली. म्हणाली, "पोरी, मी हंड्यातलंच पाणी घेतलतं. पण समदे इतकं म्हणतेत की आता मलाच खरं आठवंना. चुकून घेतलं आसंल का गं मी ड्रममधलं?"

मला इतका संताप आला की काय सांगू. त्या बायांची तोंडं आठवली, त्यांना मायनं वेळोवेळी दिलेली पिठं-साखर आठवली. मी म्हणाले, "तू गप बस. अप्पांना पीठ घेऊन इकडं पाठव. मी बघते."

गुरुवारी अप्पा एसटीनं बीडला आले. स्टीलच्या डब्यात पावशेर पीठ, वर फडकं बांधलेलं. दुपारी माझी प्रॅक्टिकलं संपली तेव्हा ते प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. चहा नको, पाणी नको. "साडेपाचची गाडी गाठायची हाय," म्हणाले. "तेवढ्यात व्हतंय का बघ. मला दुसरं काय बी नको. तुझ्या मायनं धुतलं त्या पाण्यात औषध व्हतं का न्हवतं, तेवढं सांग. ती दोन दिस झाले जेवली न्हाई."

घड्याळात तेव्हा तीन वाजून गेले होते.

मी काय केलं ते नीट सांगते. एक पट्टी असते, तिच्यावर सिलिकाचा पांढरा थर. खालच्या कडेच्या जरा वर पेन्सिलीनं रेघ मारायची. त्या रेघेवर तपासायच्या वस्तूचा अर्क काढून त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका लावायचा. बरणीत बोटभर द्रावण घेऊन पट्टी त्यात उभी करायची आणि झाकण लावायचं. द्रावण हळूहळू वर चढतं आणि ठिपक्यातले पदार्थ सोबत ओढून नेतं. काही पदार्थ थेट वर जातात, काही अर्ध्यात थांबतात, काही तळाशीच बसून राहतात. एकात एक मिसळलेलं असं वेगळं होतं. पण कोणता डाग कशाचा, हे पट्टी आपणहून सांगत नाही. त्यासाठी माहीत असलेल्या पदार्थाचा ठिपका शेजारी लावावा लागतो. दोघं सारख्याच उंचीवर गेले तर ओळख पटायला आधार मिळतो. आणि ज्याचा ठिपका शेजारी नाही, त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. हे मी वर्षानुवर्षं पोरांना घोकून घेत आले.

माझ्याकडं पोरांच्या एका प्रोजेक्टसाठी आणलेल्या चार बाटल्या होत्या, चार फवारणीच्या औषधांच्या. नेमकी हीच औषधं आमच्या भागात जास्त मारतात. मला वाटलं, एवढं पुरे आहे. मी पिठाचा अर्क काढला, मध्ये पिठाचा ठिपका लावला आणि दोन्ही बाजूंना औषधांचे.

आमचे लॅबमधले मामा शेजारी उभे होते. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला आलेले. मी नोकरीला लागले तेव्हा बरण्या कशा धुवायच्या हे मला त्यांनीच दाखवलं होतं. ते बौद्ध, त्यामुळं त्यांच्या घरी महादेवाच्या उपासाचा आणि भगरीचा काही संबंध नाही. तरी त्यांनीच विचारलं, "मॅडम, मोंढ्यातून चांगलं भगरीचं पीठ आणून त्याचा बी एक ठिपका लावू का? चांगलं पीठ पट्टीवर कसं दिसतंय, ते तर कळंल."

बरोबर बोलत होते ते. शंभर टक्के बरोबर. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं ते मला कळायला नको होतं का? पण बाहेर बाकावर अप्पा बसलेले, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जाऊन यायला पाऊण तास, आणि वरून आपल्याला कुणीतरी शिकवतंय याचा राग. मी म्हणाले, "मामा, गाडीची वेळ झालीय. मला शिकवू नका." मामांनी मान हलवली आणि बरणीचं झाकण माझ्या हातात दिलं.

द्रावण वर चढलं. पट्टी काढून वाळवली, पडदे ओढले आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा दिवा लावला. साध्या उजेडात न दिसणारे डाग या दिव्याखाली दिसतात आणि दिवा बंद केला की नाहीसे होतात. म्हणून दिवा चालू असतानाच प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीनं गोल करून ठेवायचा असतो. औषधांचे डाग वरच्या अंगाला होते. पिठाच्या रांगेत त्या उंचीवर काही नव्हतं. एकही डाग जुळत नव्हता. मला इतकं हलकं वाटलं म्हणता! जिंकलो बाई, म्हटलं. हंड्यातलंच पाणी होतं.

मग नजर खाली गेली. पिठाच्या रांगेत, खालच्या रेघेच्या जरासं वर, एक फिकट निळसर डाग होता. धड गोल नाही, शेपूट ओढल्यासारखा. हाताच्या सवयीनं मी त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. पिठाचं स्वतःचं काहीतरी असेल, असं मनात म्हटलं. असेलही. नसेलही. ते ठरवायला शेजारी चांगल्या पिठाचा ठिपका हवा होता, आणि तो तर मी लावू दिला नव्हता. उद्या परत लावू, असं म्हणून मी पट्टी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात टाकली.

दार उघडलं तर अप्पा उभेच होते. "काय निघालं?"

"औषध न्हाई, अप्पा."

"मग काय हाय?"

इथं मी नीट बोलायला हवं होतं. मी चार औषधं शोधली, ती नाहीत. बाकीचं मला ठाऊक नाही. खाली एक डाग दिसतोय, तो कशाचा ते कळायला दोन दिवस लागतील. तोवर पिठाला हात लावू नका. एवढीच चार वाक्यं. अप्पांना समजली असती. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, "काही न्हाई. स्वच्छ हाय पीठ."

अप्पा मटकन बाकावर बसले आणि टोपीत तोंड घालून रडले. मी माझ्या उभ्या आयुष्यात त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या घडीला मी जग जिंकल्यासारखी तिथं उभी होते. माझ्या शिक्षणानं माझ्या मायची अब्रू राखली, असं मला खरोखर वाटत होतं. मी त्यांना साडेपाचच्या गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून वर सांगितलं, "त्या बायांना म्हणावं, या बीडला, दाखवते."

शुक्रवारी अंतर्गत परीक्षेचे पेपर आले. शनिवारी कॉलेजात बैठक होती. रविवारी मी घरी धुणं काढलं. पट्टी खणातच राहिली.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास अप्पांचा फोन आला. त्यांना धड बोलता येत नव्हतं. एवढंच कळलं, की मायनं फराळाला त्याच पिठाची भाकरी खाल्ली, तिला गरगरलं, उलटी होईल म्हणून ती न्हाणीकडं धावली आणि पायरीवर तोल जाऊन पडली. डोकं दगडावर आपटलं होतं. अप्पांनीही त्यातली अर्धी भाकरी खाल्ली होती, त्यांचेही हात थरथरत होते. लोकांनी दोघांना गाडीत घालून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा माय बेशुद्ध होती. डोक्यात आत रक्त साकळलंय, असं डॉक्टर म्हणाले.

अप्पा भिंतीला टेकून खाली बसले होते, दंडाला इंजेक्शनचा बोळा चिकटवलेला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "कावून खाऊ घातलं तिला? साहेबांनी खाऊ नका म्हणून सांगितलं होतं ना! तुमच्या दुकानाचं नाव राखायला माझ्या मायच्या जिवाशी खेळलात तुम्ही!"

अप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ते गप्प राहिले म्हणजे खरंच आहे, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला तसं धरूनच चालायचं होतं. कागदात गुंडाळलेली ती पट्टी माझ्या मनातून क्षणभरही हलत नव्हती. ओरडले नसते तर मला तिचं नाव काढावं लागलं असतं.

माय चौथ्या दिवशी गेली. शुद्धीवर आलीच नाही.

सरकारी अहवाल पुढं आला. फवारणीचं औषध आढळलं नाही. बुरशीचं विष आढळलं. आषाढाच्या दमटीत धुतलेली भगर आतून वाळलीच नव्हती, आणि ओल्या दगडावर दळलेलं पीठ डबाबंद करून ठेवलं होतं. आणखी काय पाहिजे बुरशीला? पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत, कधी काही झालं नाही, आणि त्या वर्षी झालं. जे जितकं निर्मळ करायला गेली बिचारी, तितकं ते नासलं. गल्लीतली ड्रमची कुजबुज थांबली. बाया मायच्या नावानं रडून गेल्या. आणि नवी कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्यानं दुकानापायी बायकोला ते पीठ खाऊ घातलं. ती माझ्याच ओरडण्यातून निघाली होती.

अहवाल आल्यावर मी मामांना मोंढ्यातून चांगलं पीठ आणायला सांगितलं. ते घेऊन आले. या वेळी मी द्रावण बदललं आणि दोन्ही पिठांचे ठिपके शेजारी शेजारी लावले. दिवा लावल्यावर मोंढ्याच्या पिठाची रांग कोरी दिसली. आमच्या पिठाच्या रांगेत तो डाग होता, आता चांगला ठळक. मी मामांकडं बघितलं नाही. त्यांनी नळ सोडला आणि आधीच धुतलेल्या बरण्या परत धुवायला घेतल्या.

ते वर्ष मी कसं काढलं, माझं मला माहीत. अप्पांना फोन करायचे, तब्येत विचारायचे आणि ठेवून द्यायचे. त्यांच्यावरचा राग मी जपून ठेवला होता, कारण तो सोडला तर हातात काय उरलं असतं? ते मात्र मला कधी टोचून बोलले नाहीत. पाव्हणेरावळे दबक्या आवाजात विचारत, "लेकीनं तपासलं होतं म्हणे?" तर अप्पा म्हणायचे, "तिला न्हवतं दाखवलं. माझंच डोकं फिरलतं." बावीस वर्षं शिकवणारी मास्तरीण मी, आणि माझ्यासाठी माझा म्हातारा बाप पाव्हण्यांपुढं खोटं बोलत होता. मी ते ऐकून गप्प बसायचे. लाज वाटायची, तरी गप्प बसायचे.

मायला वर्ष झालं तेव्हा मी घाटनांदूरला गेले. माणसं जेवून गेली. अप्पा दुकानात बसले होते. चक्कीवर ताडपत्री टाकलेली आणि कोपऱ्यात जिथं डबे होते ती जागा रिकामी. मी पर्समधून कागदाची पुडी काढली, पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "अप्पा, हे बघा."

त्यांनी चष्मा लावला. साध्या उजेडात डाग दिसत नव्हते. नुसती पांढरी पट्टी, पेन्सिलीचे गोल आणि तळाशी एका गोलाशेजारी प्रश्नचिन्ह.

"हे काय हाय?"

"तुम्ही पीठ घेऊन आला होता, त्या दिवशीची पट्टी. ते विष इथं खाली होतं. मला दिसलं होतं, अप्पा. मी गोलसुद्धा केला. आणि बाहेर येऊन तुम्हाला स्वच्छ आहे म्हणून सांगितलं." एवढं बोलेपर्यंत मला रडू आवरेना. "मला वाटलं होतं, तुम्ही दुकानापायी तिला खायला लावलं. वर्षभर मी तेच धरून बसले. पण मी स्वच्छ म्हटलं नसतं तर तुम्ही तरी खाऊ घातलं असतं का?"

अप्पा बराच वेळ त्या गोलावरून बोट फिरवत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "मी न्हाई घातलं खाऊ."

"म्हणजे?"

"सोमवारी सकाळी मी ते समदे डबे उकिरड्यावर न्यायला काढलते. म्हणलं, स्वच्छ हाय ते आपल्याला कळलं, तेवढं बस. लोकांला पुन्हा कावून दाखवायचं? तर तुझी माय दारात आडवी झाली. म्हणली, टाकलं तर गाव म्हणंल, पोरीनं मायसाठी खोटं सांगितलं. मी खाते, समद्यांला बघू द्या. बाया बोलावल्या तिनं, वट्यावर बसून भाकरी थापली न् पहिला घास घेतला."

"मग दवाखान्यात का नाही बोललात? मी तुम्हाला इतकं काय काय बोलले!"

"काय सांगू? तुझ्यापायी खाल्लं म्हणून सांगू?"

बाहेर कुणीतरी साखर मागायला आलं. अप्पांनी त्याला हातानंच थोड्या वेळानं ये म्हणून सांगितलं. पट्टी त्यांनी होती तशी कागदात गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवली.

"एक सांगू का? न्हाई सांगत, म्हणलतं, पण तू आज इतकं सांगितलंस तर..." त्यांनी चष्मा खिशात ठेवला. "घास घेतला न् तिनं डोळे मिटले. दुकानात मिटायची ना, तसे. मी वळखलं. म्हणलं, काय गं? म्हणली, जरा कडू लागतंय. मी म्हणलं, थुंक, टाक ते. तर हसली. म्हणली, लेकीनं बघितलंय वो. आपल्या जिभेला काय कळतंय?"